वाडा आधी, वस्तू मागून : स्मारक झालेला जुना वाडा कसा पाहावा

दुपारी दीडला बस थांबते. पन्नास माणसं उतरतात, चपला काढायच्या की नाही यावर दोन मिनिटं घोळ होतो, मग सगळे थेट पुतळ्यापाशी. फोटो. शेजारच्या खोलीत डोकावणं. काचेतल्या तलवारीचा आणखी एक फोटो. वीस मिनिटांत लोक बाहेर, झाडाखाली दशम्या सुटलेल्या. परभणीहून निघालेल्या अशा एका सहलीत मी स्वतः होतो. परतीच्या वाटेत शेजारच्या पोराला विचारलं, वाड्याला चौक किती होते? त्याला आठवेना. खरं सांगायचं तर मलाही आठवेना.

त्यानंतर गेली काही वर्षं घरच्यांना, शेजाऱ्यांना, कधी शाळेच्या पोरांना घेऊन जातो. चुका तेवढ्याच आणि त्याच होताना दिसतात, म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. उदाहरणं मराठवाड्यातली आणि त्याला लागून असलेली आहेत. क्रम कुठल्याही वाड्याला चालेल.

१. आपण नेमकं काय पाहायला चाललोय ते आधी ठरवा

निम्मा गोंधळ इथेच होतो. "वाडा" म्हणून आपण ज्याला हात जोडतो त्यात निदान चार प्रकार असतात, आणि प्रत्येक ठिकाणी वागायची रीत वेगळी.

पहिला, जिथे आजही पूजाअर्चा चालते तो वाडा. पैठणचा संत एकनाथांचा वाडा असा आहे. गावातलं नाथ मंदिर म्हणतात ते हेच. इथे देवघर हे देवघरच आहे, त्याला दालन समजून फिरायचं नाही. आरतीची वेळ असेल तर थांबायचं, खांबांची मापं नंतर. आणि पैठणला हमखास होणारी चूक अशी की लोक गोदाकाठच्या समाधी मंदिरात दर्शन घेतात, बागेकडे जातात आणि परततात. नाथ जिथे राहिले, जिथला रांजण श्रीखंड्याने भरला असं आपण लहानपणापासून ऐकतो, ते घर गावात आहे. तिथे जायचंच राहून जातं.

दुसरा, वास्तू मुख्य आणि आत वस्तू जवळजवळ नाहीत असा संरक्षित वाडा. सिंदखेडराजाचा लखुजीराव जाधवांचा राजवाडा हा त्यातला. जिल्हा बुलढाणा, पण जालन्याहून तीसेक किलोमीटरवर, त्यामुळे आपल्याकडची माणसं तिथे सारखी जातात. जिजाऊंचा जन्म इथला, १२ जानेवारी १५९८ चा. "आत काहीच ठेवलेलं नाही" अशी तक्रार करत बाहेर पडणारे इथेच जास्त भेटतात. ज्या भिंतींमधून ते चालत आले तोच तिथला ठेवा आहे.

तिसरा, वास्तू जुनी पण आतल्या वस्तू बाहेरून आणलेल्या. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या बाजूला, पहाडसिंगपुऱ्यातला सोनेरी महाल बघा. औरंगजेबाबरोबर दक्षिणेत आलेल्या बुंदेलखंडी सरदाराने बांधलेला महाल आणि आत सरकारी संग्रहालय. तिथली शिल्पं त्या महालात राहणाऱ्यांची नव्हेत. हे डोक्यात नसलं की माणूस घरी येऊन सांगतो, "त्या सरदाराकडं काय मूर्त्या होत्या!"

चौथा म्हणजे गढी. वेरूळला भोसल्यांची गढी आणि तिथलं शहाजीराजांचं स्मारक. लेण्यांना जाणाऱ्या शंभरातले किती तिकडे वळतात, हे तुम्हीच एकदा रस्त्यावर उभं राहून मोजा. गढीत छत नसतं, पाटी क्वचित असते. जोतं, म्हणजे घराचा चौथरा, आणि भिंतींची रेघ पाहून घर मनात उभं करावं लागतं. पहिल्याच सहलीला गढी निवडू नका. आधी छत शाबूत असलेला एखादा वाडा नीट पाहा, मग गढी बोलायला लागते.

*तपासा:* जायच्या ठिकाणाचा प्रकार एका ओळीत लिहिता आला का? नसेल तर अजून निघू नका.

२. वार, वेळ, हंगाम

वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. हे दोन वार पाठ असलेली माणसंही तिसऱ्या जागी फसतात, कारण प्रत्येक जागेचा सुट्टीचा वार तोच असेल असं धरून चालतात. सरकारी संग्रहालयांना पुष्कळदा सोमवारची आणि सार्वजनिक सुट्ट्यांची सुट्टी असते. म्हणून आदल्या दिवशी फोन करा किंवा त्या गावातल्या कुणाला तरी विचारा. आणि "उघडं आहे का हो?" एवढंच विचारू नका. त्यावर "हाव, या की" असं उत्तर येतं आणि गेल्यावर वरचा मजला कुलूपबंद निघतो. चार गोष्टी विचारा:

- किती वाजता उघडतं, आणि शेवटचा माणूस किती वाजेपर्यंत आत घेतात?
- सगळी दालनं उघडी आहेत का? कुठे डागडुजी चालू आहे का?
- दुपारी जेवणाला कुलूप लावतात का?
- फोटोला परवानगी आहे का, वेगळं शुल्क आहे का?

गर्दीचे दिवस टाळा किंवा मुद्दाम गर्दीसाठीच जा, मधलं काही करू नका. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवासाठी लोटलेली माणसं पाहणं हा वेगळा अनुभव आहे, पण त्या दिवशी वाडा पाहायला मिळत नाही, पुढच्याची पाठ पाहायला मिळते. पैठणला नाथषष्ठीला, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीच्या आगेमागे, तसंच. वारी करायची तर त्या दिवशी, घर पाहायचं तर पंधरा दिवस सोडून.

हंगाम दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा. चैत्र-वैशाखात आपल्याकडचं ऊन माणसाला बाहेरची बाजू बघू देत नाही, आणि बाहेरची बाजू न बघता वाडा कळत नाही. पावसाळ्यात जुन्या भिंती ओल धरतात, पायऱ्यांवर शेवाळ येतं. तरी एक फायदा आहे: चौकातलं पाणी कुठून कसं बाहेर काढलंय ते पावसातच दिसतं.

वेळ सकाळची. उघडलं की आत. कोवळं ऊन तिरपं येतं तेव्हा लाकडावरचं कोरीवकाम उठून दिसतं. बाराच्या उन्हात ते सपाट होतं.

एसटीने जात असाल तर ज्येष्ठांची आणि बायकांची सवलत लक्षात ठेवा: पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट, महिलांना निम्मं. आधार कार्ड घरी विसरलं की आजींना पूर्ण तिकीट पडतं आणि दिवसभर त्याच विषयावर बोलणं होतं. शाळेच्या सहलीला बस सवलतीत मिळते, पण त्यासाठी आगारात आधी अर्ज द्यावा लागतो. आदल्या संध्याकाळी जाऊन काही होत नाही.

३. सोबत कोण

या टप्प्याला लोक महत्त्व देत नाहीत. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे पडतो.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात आयुष्य काढलेलं एक माणूस सोबत घ्या. आजी, मावशी, गावाकडचे आबा, कुणीही. आपल्या पिढीने स्लॅबखाली जन्म घेतला. आपल्याला भिंतीतलं भोक दिसतं, त्यांना दिवळी दिसते. आपल्याला मोठी कोठी दिसते, त्यांना बळद दिसतं आणि त्यात ज्वारी किती पोती मावेल याचा अंदाजही येतो. मी एकदा एका शेजारच्या आजींना नेलं होतं. पाटीवर "भांडारगृह" लिहिलेल्या खोलीत त्या उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "ही सैपाकाची खोली हाय. तुळया बघ की कशा काळ्या झाल्यात." पाटी चुकली होती की खोलीचा वापर मधल्या काळात बदलला होता, मला सांगता येणार नाही. तुळया मात्र काळ्या होत्या.

गट दहा-बाराचा ठेवा. जास्त माणसं असतील तर दोन तुकड्या करा. एक बाहेर फिरेल, एक आत. पन्नासची रांग ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत शिरली की पुढच्याला धक्का आणि मागच्याला कंटाळा, एवढंच हाती लागतं.

४. घरी करायची तयारी

दोन कामं, दोन्ही मिळून तासाभराची.

पहिलं, एक कागद. ज्या माणसाचं स्मारक आहे त्याचा जन्म, मृत्यू, कुणाचा कोण, आणि त्या वाड्याशी संबंध नेमका कोणता. जन्म तिथला, राहणं तिथलं की नुसता मुक्काम? एवढ्या तीन-चार ओळी पुरतात. अख्खं चरित्र वाचून जाणारा माणूस तिथे पाहत नाही, आठवत बसतो.

दुसरं, शब्दांची यादी. घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसून ती करा, पुस्तकातून उतरवू नका, कारण गावागणिक शब्द बदलतात. सुरुवातीला हे चालतील: जोतं, तळखडा, तुळई, खण, ढाळज, ओसरी, सोपा, माजघर, दिवळी, खुंटी, बळद, पेव, माडी, माळवद, साणं, अडणा, न्हाणी, आड, परस. शाळेची पोरं असतील तर यादी त्यांच्या हातात द्या आणि सांगा, वाड्यात जे दिसेल त्यावर खूण करा. पोरं दोन तास गुंततात, आणि मास्तरांना ओरडावं लागत नाही.

पिशवीत: पाणी, लहान बॅटरी, शिसपेन्सिल आणि वही, डोक्याला रुमाल. शाईचं पेन नको, ते काचेच्या पेटीवर टेकवून लिहिलं जातं आणि गळतं. अत्तर-सेंट लावू नका. जुन्या वाड्यांच्या कमानींना आग्या मोहोळ असतं आणि माश्यांना उग्र वास खपत नाही. त्याच कारणाने उदबत्ती, विडी, फटाका, मोठ्याने शिट्टी, सगळं बंद.

*सावधान:* मोहोळ दिसलं तर त्या बाजूची प्रदक्षिणा सोडून द्या. पोरांनी दगड भिरकावण्याआधी त्यांना तिथून हलवा.

५. आत शिरू नका, आधी बाहेरून फेरी मारा

जिथे वाट असेल तिथे वाड्याला एक पूर्ण फेरी. दहा मिनिटं. पाहायचं ते असं:

दार कोणत्या दिशेला आहे. जोतं किती उंच आहे, तुमच्या गुडघ्याएवढं की छातीएवढं. खालच्या भागात दगड कुठपर्यंत आणि वर विटा किंवा माती कुठून सुरू होते. खालच्या मजल्याला बाहेरच्या बाजूने खिडक्या आहेत का. बहुतेक जुन्या वाड्यांना त्या नसतात किंवा अगदी लहान आणि उंचावर असतात, कारण घराचं तोंड आत, चौकाकडे असतं. हे बाहेरून पाहिलं असेल तर आत गेल्यावर चौकातला उजेड का सुखावतो ते कोणी सांगावं लागत नाही.

गढी असेल तर पायाखालच्या मातीचा रंग बघा. जुन्या वस्तीची पांढरी माती माळवदावर घालायला चांगली, म्हणून गावोगावी लोकांनी गढ्यांची माती वाहून नेली. कितीतरी गढ्या कोणत्याही शत्रूने पाडलेल्या नाहीत, पावसाळ्याच्या तोंडावर टोपल्या-टोपल्यांनी गेल्या आहेत.

*सावधान:* पांढरीवर खापराचे तुकडे, मणी दिसतात, विशेषतः धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या जुन्या गावी पावसानंतर. खिशात घालू नका. जमिनीत सापडलेली मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. तेरच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे त्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू गावातून जमवल्या आणि पुढे त्या सरकारी संग्रहालयात आल्या, म्हणून आज आपण पाहू शकतो. प्रत्येकाने एकेक मणी घरी नेला असता तर काचेमागे काय उरलं असतं?

६. दारात पाच मिनिटं

लोक दारातून जातात, दार बघत नाहीत. मोठ्या दाराच्या एका फळीत लहान दार असेल तर तो दिंडी दरवाजा, रोजच्या ये-जा करण्याचा. मोठं दार हत्ती-घोडे-मेणे आणि सणावारासाठी. दाराच्या मागे भिंतीत चौकोनी खोल भोक शोधा. अडणा, म्हणजे दाराला मागून लावायचं आडवं लाकूड, त्यात सरकवलेला असे, रात्री तो ओढून समोरच्या भिंतीत अडकवायचा. भोकाच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतील तर बोट न लावता नुसतं बघा, किती हजार वेळा ते लाकूड तिथून सरकलं असेल.

आत लगेच ढाळज. पहारेकरी, कारकून, आल्यागेल्याला पाणी, गावच्या तक्रारी, सगळं इथे. बाहेरच्या माणसाचा वाडा बहुतेक वेळा इथेच संपत असे. तुम्हीही जरा बसा, बसायला मनाई नसेल तर. घराच्या आत कोण कुठपर्यंत येत होतं ही रेघ ढाळजेत बसल्यावर समजते, पुढे सगळ्या खोल्या त्याच रेघेवर लागतात.

*सावधान:* चौकटी बुटक्या, उंबरे उंच. उंच माणसांनी कपाळ आणि म्हाताऱ्यांनी पाय सांभाळा. मी स्वतः दोनदा टेंगूळ घेऊन आलोय.

७. आतला क्रम

चौक, ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाक, देवघर, परस, आणि मग माडी. तळघर सगळ्यात शेवटी, उघडं असेल तरच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जिना दिसला की चढणं. पोरं तर पळतातच. माडीवरून खाली चौक दिसतो आणि फोटो छान येतो, हे खरं. पण खालचं न पाहता वर गेलं की दिसतो तो नुसता खड्डा. खालचं पाहून गेलं की वरून घर उलगडतं: ही ओसरी, त्यामागे माजघर, ते तिकडे आडाचं तोंड.

चौकात उभं राहून आधी खण मोजा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. तीन खणी सोपा, पाच खणी सोपा अशी जुनी मोजणी असते आणि घरमालकाची ऐपत त्यात कळते. मग पावलांनी चौक मापा, लांबी आणि रुंदी, वहीत लिहा. प्रत्येक खांबाच्या पायाशी दगडी तळखडा आहे का पाहा. लाकूड थेट जमिनीत रोवलं की ओल आणि वाळवी त्याला खाते, म्हणून ही दगडी बैठक. चौकाच्या एका कोपऱ्यात पाणी जायचं तोंड सापडेल. ते सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा पोरांसाठी नियम करा.

ओसरीतून सोप्यात आणि सोप्यातून माजघरात जाताना उजेड कसा कमी होत जातो ते मुद्दाम अनुभवा. दोन मिनिटं थांबलात की डोळे सरावतात. लगेच मोबाईलची बॅटरी लावणारा माणूस माजघर कधीच पाहत नाही, तो फक्त बॅटरीचा गोल पाहतो. छतात लहानसं भोक असेल, त्यातून उजेडाची काठी उतरलेली असेल, तर ते साणं. धूर बाहेर, उजेड आत.

भिंतीतल्या दिवळ्या मोजा. दिवा ठेवायची दिवळी वरून काळवंडलेली असते, वस्तू ठेवायची तशी नसते. स्वयंपाकघर ओळखायचं तर त्या आजींसारखं वर बघा. खाली सगळं सारवून, गिलावा करून नवं केलेलं असतं, तुळयांवरचा धूर कोणी पुसत नाही. जात्याची जागा जमिनीतल्या खोलगट गोल खुणेवरून, उखळ तर बहुतेक ठिकाणी जमिनीतच गाडलेलं.

बळद म्हणजे धान्याची कोठी, भिंतीच्या आत किंवा खोलीसारखी. पेव जमिनीखाली. पेवात उतरायचा मोह आवरा. बंद पेवात हवा खराब होते. जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची, विझला तर उतरायची नाहीत. आपण ते धाडस करायला आलेलो नाही.

परस बहुतेक लोक सोडून देतात. मागच्या बाजूला काय बघायचं? आड, न्हाणी, गोठा, कामकरी माणसांची दारं. ज्यांच्या जिवावर वाडा चालला ती माणसं पुढच्या दाराने येत नव्हती. त्यांचा पुतळा नसतो, पाटी क्वचित. मागचं दार मात्र असतं, ते शोधा.

माडीवर जाताना जिन्यावर एका वेळी चार-पाच जणच. भिंतीतला जिना अरुंद असतो, त्यात उतरणारा आणि चढणारा समोरासमोर आले की दोघंही अडकतात. लाकडी तक्तपोशीवर, म्हणजे माडीच्या फळ्यांवर, उड्या मारणं बंद. जिथे दोरी लावली आहे तिथे "एकच मिनिट" नाही.

*तपासा:* माडीवरून खाली बघत, वाड्याचा ढोबळ नकाशा वहीत काढता येतोय का? नसेल तर परत खाली.

८. जुनं कोणतं, नवं कोणतं

स्मारक झालेल्या वाड्याची डागडुजी झालेली असतेच, आणि ती झालीच पाहिजे. प्रश्न एवढाच की आपण कशाला जुनं समजून हळहळतोय.

चुन्याचा जुना गिलावा पांढुरका-पिवळसर, थोडा खडबडीत, कडा झिजून गोल झालेल्या. सिमेंट करडं, टणक, कडा सरळ. जुनी वीट आजच्या विटेपेक्षा पातळ. हाताने घडवलेल्या तुळईवर वाकसाचे, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराचे, घाव असतात, उजेड तिरपा पडला की लाटांसारखे दिसतात. करवतगिरणीतून निघालेलं लाकूड सपाट आणि सगळीकडे सारख्या जाडीचं. लोहाराने ठोकलेल्या खिळ्याचं डोकं वेडंवाकडं, कारखान्याच्या खिळ्याचं अगदी गोल. लोखंडी गर्डर दिसला तर तो भाग उशिराचा.

हे ओळखायला भिंत खरवडायची गरज नाही. नखानेसुद्धा नाही. केंद्र संरक्षित स्मारकाला इजा केली, त्यावर नावं कोरली, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्य संरक्षित वास्तूंसाठी १९६० चा राज्याचा कायदा वेगळा आहे. बाण मारलेलं बदाम आणि त्याखाली दोन आद्याक्षरं मी जितक्या वाड्यांत गेलो तितक्या वाड्यांत पाहिली आहेत. त्यातली किती लग्नं टिकली कोण जाणे, गिलावा मात्र गेला.

९. आता वस्तू

आत्ता कुठे काचेच्या पेट्यांकडे जायचं. सगळ्या बघू नका. पाच निवडा आणि प्रत्येकीपाशी पाच मिनिटं थांबा. पाटी वाचायच्या आधी वस्तू बघा: कशाची आहे, कुठे झिजली आहे, कोणत्या हाताने धरत असतील. मग पाटी.

पाटीत तीन शब्दांवर नजर ठेवा. "वापरलेली", "काळातील" आणि "प्रतिकृती". "अमुक यांनी वापरलेली तलवार" आणि "अमुक यांच्या काळातील तलवार" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईत दोन्ही सारखंच वाचलं जातं. पाटी गप्प असेल तर नम्रपणे विचारा, ही वस्तू मूळ याच घरातली का?

१०. सांगणारा माणूस आणि तीन रकाने

बहुतेक ठिकाणी एक राखणदार किंवा गावातलं एखादं जाणतं माणूस भेटतं. "काका, जरा वेळ आहे का?" असं विचारून सुरुवात करा. पन्नास जणांच्या गलक्यात ते पाठ केलेलं सांगतात. शांतपणे ओसरीत बसून विचारलंत तर छप्पर कोणत्या पावसाळ्यात गळालं, कोणती खोली आधी कुलपात होती, दार कुठून बदलून आणलं, असलं सांगतात. ते कुठेच छापलेलं नसतं.

पण वहीत तीन रकाने पाडा: मी पाहिलं, पाटीवर वाचलं, कुणी सांगितलं. प्रत्येक ओळ यातल्या एकाच रकान्यात. कारण प्रत्येक वाड्याला एक भुयार असतं आणि ते थेट देवगिरीला निघतं. परभणी-लातूरकडून देखील! प्रत्यक्षात ते तळघर असतं, पेव असतं किंवा पाण्याची मोरी. कथा लिहून घ्यायला हरकत नाही, तिसऱ्या रकान्यात. सांगणाऱ्याला तिथल्या तिथे खोटं पाडू नका, त्यात कोणाचाच फायदा नाही.

११. फोटो

शेवटी काढा. फ्लॅश बंद, रंगकामावर तर अजिबात नाही. पहिला फोटो पाटीचा, म्हणजे पुढचे कुठले ते कळतं. ड्रोन परवानगीशिवाय नाही. पूजेच्या ठिकाणी विचारून. पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून काढायचे फोटो तुमच्या तुमच्या घरच्या संस्कारांवर सोडतो.

१२. एका दिवसाचा नमुना : जालना ते सिंदखेडराजा

सकाळी साडेसातला जालना सोडा, नाश्ता करून. राजवाडा उघडताच पोचा, आधी समोरून भव्य दरवाजा, मग वर सांगितलेल्या क्रमाने आत. जन्मस्थानाच्या दालनात सगळे जमतातच, तिथे दर्शन घेऊन बाजूला व्हा, भिंती आणि खालच्या खोल्यांना वेळ द्या. तास-दीड तास. मग लखुजीरावांची समाधी. १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाही दरबारात लखुजीराव, त्यांची मुलं आणि नातू यांची हत्या झाली. वाडा पाहून लगेच समाधीवर गेलं की एकाच घराची दोन टोकं एका सकाळी दिसतात. दुपारचं जेवण, सावलीत तासभर आराम, म्हाताऱ्यांना तो लागतोच. उन्हं कलल्यावर मोती तलाव. त्याचा बांध आणि पाणी सोडायची व्यवस्था बघा, नुसतं काठावर बसून परत येऊ नका. अंधाराआधी जालना.

पुढच्या महिन्यात देवगिरी करा. त्याच दिवशी जोडून नको, एवढं डोक्यात मावत नाही.

१३. निघताना

अभिप्राय वही मागा. "खूप छान, जय जिजाऊ" लिहून सही ठोकण्याऐवजी एक उपयोगी ओळ लिहा: दुसऱ्या दालनातली पाटी वाचता येत नाही, माडीच्या तिसऱ्या पायरीची फळी हलते, पिण्याच्या पाण्याचा नळ बंद आहे. तारीख घाला. ही वही वरचे लोक तपासायला आले की बघतात, आणि राखणदार काकांना एरवी वर्षभर तोंडी सांगून जे जमत नाही ते कधी कधी अशा एका ओळीने होतं. तुळया काळ्या असलेल्या त्या खोलीबद्दल मीही लिहून आलोय, आजींच्या नावानिशी. पाटी बदलली का, ते दिवाळीनंतर जाऊन बघायचंय.